चिमणाबाईंची गुलाबी नळी

कोल्हापूर,
१४ फेब्रुवारी १९८९

ती. सौ. पद्मावती अक्कास,

त्रिशलाचा जयजिनेंद्र. इकडं सगळे बरे आहेत. तुझा गुडघा कसा आहे ते कळव. दाजींचा खोकलाही तूच कळव (ते स्वतः सगळं उत्तमच लिहितात).

चाळिशीत तुझं कसलं शिक्षण चाललंय, असं तू विचारलं होतंस. तेल उघडं राहिलं की खवट होतं ना, तसं रक्तातलं कोलेस्टेरॉलही खवटतं, आणि ते खवटलेलंच शिरांना जास्त बाधतं असा हल्ली संशय आहे. बाईची पाळी चालू असेतो अंगातलं हार्मोन त्याची राखण करतं म्हणतात. पाळी गेली की राखणही गेली. मग ई आणि सी जीवनसत्त्वाच्या गोळ्या ते काम करतील का, हे मी तपासते. पाळी चालू असलेल्या दहा बायका घेतल्या, गेलेल्या दहा. रक्त गोठलं की वरचं पिवळं पाणी काढायचं, उबेला ठेवायचं, काचेच्या नळीत औषध घालून उकळायचं. जेवढं खवट तेवढा रंग गुलाबी. (स्वैपाकच आहे, फक्त चव बघायची नाही.)

आमच्याकडं दूध घालणाऱ्या उचगावच्या चिमणाबाई 'चालू' गटात होत्या. फॉर्म भरताना सून शेजारी बसलेली. त्यांची नळी सगळ्यांत गुलाबी निघाली. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, नळ्या नीट धुतल्या नाहीत. मी धुऊन तीनदा केलं, तिन्ही वेळा तोच रंग. मग सर म्हणाले, या एका बाईनं तुमचं दोन वर्षांचं काम संशयात पाडलं, प्रबंध पुढच्या वर्षी द्या. मी घरी येऊन रडले आणि दुसऱ्या दिवशी उचगावची बस धरली.

चिमणाबाई परड्यात शेणी लावत होत्या. खरं सांगा, पाळी येते का, असं विचारल्यावर त्यांनी आधी दाराकडं बघितलं.

"बंद हून सात वर्सं झाली की."

"मग फॉर्मावर चालू कसं सांगितलं?"

"सून हुती न्हवं शेजारी. महिन्याचं तीन दिस मी बाहीर बसती. चूल न्हाय, पानी न्हाय, निवांत. तिला कळलं तर माझं तीन दिस गेलं. कागदावर लिवू नगासा."

मी त्यांचं नाव खोडून नुसता नंबर ठेवला आणि 'गेलेल्या' गटात टाकला. सरांना सांगितलं, माहिती चुकली होती. त्यांनी जास्त विचारलं नाही, कारण आता आकडे जुळत होते आणि प्रबंध याच वर्षी जाणार होता. दोन महिने गोळ्या घेतल्यावर चिमणाबाईंचा गुलाबी रंग निम्म्यावर आला. गोळ्यांनी आला की दरमहा तीन दिवसांच्या विश्रांतीनं, हे सांगायची सोय माझ्या प्रयोगात नाही.

मोठ्यांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
त्रिशला

ता.क. चिमणाबाई हलल्यामुळं 'चालू' गटात एक बाई कमी पडते. दिवाळीत मी तुमच्याकडं नेसरीला आले तेव्हा तू बाहेर बसली होतीस आणि तुझ्या जाऊबाई एकट्याच फराळ तळत होत्या, म्हणून तुझं नाव घातलंय. सोमवारी पहिल्या गाडीनं उपाशीपोटी ये.

ता.क. २. तू त्रेपन्नची आहेस हे वरचं लिहून झाल्यावर ध्यानात आलं. तरी ये. दुसऱ्या गटातही जागा करता येईल. जाऊबाईंना मी वेगळं पत्र टाकते, अक्काला डोळे तपासायला बोलावलंय म्हणून.