थोरल्या मामाची फियाट

२ मे
भक्तीचं पोखर्णीतलं लग्न आठवड्यावर आलं. मंगलाष्टकाला भाचीच्या पाठीशी उभं राहायचा मान थोरल्या मामाचा, म्हणजे माझा. पाठवणीबी माझ्याच फियाटमधी, ताईला सांगून टाकलंय. धाकटा भाऊ दिनकर म्हणाला, दादा, माझ्या गाडीत चला. त्याची ती नवी डबडी! दार लावलं तर कळतबी न्हाई लागलं का न्हाई.

४ मे
रेडिएटरचे रबरी पाइप फुगलेत, भेगा पडल्यात. परभणीचा दुकानदार म्हणतो, पुण्याहून मागवावे लागतील, लग्न उरकून या. अडाणी! मीच बदलणार. उद्या पहाटे सुरुवात.

५ मे
ऊन लय. उद्या.

६ मे, सकाळी
आयडिया! विहिरीच्या मोटारीचा हिरवा पाइप. एवढं खोल पाणी ओढतो, त्याला रेडिएटरचं पाणी काय जड? पुणेवाल्यांना सुचलं असतं का?

संध्याकाळी
जुना पाइप निघेना. जोर लावला तर पाइपासकट मी शेणात. बायको, कस्तुराबाई, हसली. तिला मशिनरीतलं काय कळतंय.

८ मे
बसला! वरून तारेनं आवळला. पाच मिनिटं इंजिन चालवलं, थेंब न्हाई. कूलंटबी घातलं न्हाई. ते सरबत शहरातल्या नाजूक गाड्यांना. आपलं विहिरीचं पाणी झकास. कस्तुरा म्हणाली, मी दिनकरभावजींसंगं जाते. जा म्हणालो, खुशाल जा. नवऱ्यावर विश्वास नसला की बाईनं कुणाच्याबी गाडीत बसावं.

९ मे, रस्त्यात
परभणी ओलांडली अन् पाइप शिजलेल्या शेवईसारखा मऊ पडून फुटला. धूर न्हाई, वाफ हाय, हे बघ्यांना सांगून थकलो. एकाला अक्कल न्हाई. शेळ्या घेऊन चाललेल्या मल्हारी नावाच्या गड्यानं बाटलीतलं पाणी दिलं. म्हणाला, मालक, वरून वतायलाव अन् खालून जायलंय. मला दिसायलंय की! दिनकरचा फोन आला, घ्यायला येऊ का? म्हणालो, आलोच, पोखर्णीची कमान दिसायलीय. समोर नुसतं रान.

संध्याकाळी
टमटमनं पोखर्णीत उतरलो तर पंगती उठत होत्या. भक्तीच्या पाठीशी दिनकर उभा राहिला. मामाचा फेटाबी त्याच्याच डोक्यावर. म्हणाला, दादा, तुमीच म्हणलाव ना, आलोच म्हणून? शेवटच्या घडीपर्यंत वाट बघितली. भटजीला जरा दम धरता येत न्हाई? सगळ्यांना फाडफाड बोलणारच होतो. तेवढ्यात भक्ती उठून आली. म्हणाली, मोठे मामा, सुखरूप आलाव ना, बस झालं. तिनं फोटोवाल्याला बोलावलं, मला पाठीशी उभं केलं. खांद्यावर हात ठेवा म्हणाली.

हात बघितले. ग्रीसनं काळेकुट्ट. तिचा शालू पिवळाधमक.

हात मागंच धरले. मानाच्या वक्ताला मी नव्हतो तिथं, अन् ही पोरगी मलाच सांभाळायलीय. रडू आलं, लपलं न्हाई.

फोटोवाला म्हणाला, काका, जरा हसा की.