आईसाठी लावलेला कौल

बाबा, काल मी गावदेवीच्या देवळात गेले होते. दर्शनाला नाही, कौल लावायला. तू हसशील, हस.

आईच्या हृदयाची झडप खराब झालीय. पनवेलचे डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करायला हवं आणि लवकर करायला हवं. आईचं एकच, "कौल घेतल्याबिगर मी न्हाय जायची." तू असतास तर तूच लावला असतास. आता घरात मोठी मी, आणि मी तर कॉलेजात गेल्यापासून देव मानत नाही. तुला ते ठाऊक होतं. त्यावरून तू कधी चिडला नाहीस. एकदाच म्हणालास, "नको मानू. सणाला जेवायला ये म्हणजे झालं."

पावसाळा सरल्यावर होडी पाण्यात काढायच्या आधी तू मला बरोबर न्यायचास. गुरव देवीच्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना भिजवलेली एकेक पाकळी चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तू मोठ्यानं विचारतोस, बंदरावर पलीकडच्या होडीला हाक मारावी तसा. एका वर्षी डावी पडते. मला वाटतं, आता तू घाबरशील. तू कमरेवर हात ठेवतोस आणि म्हणतोस, "आजचं न्हाय विचारलं गं आये. आज नको तर नको. चार दिसांनी जाऊ का, ते सांग. नीट ऐक." गुरव मुकाट्यानं नवीन पाकळ्या भिजवतो.

परतताना मी विचारलं होतं, "देवीला कमी ऐकू येतं का?"

"एवढी माणसं एकदम बोलतात तिच्याशी. तुझ्या आईला तरी एका हाकेत ऐकू जातं काय?"

आई मागून सुकटीची पाटी घेऊन येत होती. "मला समदं ऐकू येतं," ती म्हणाली. "ओ देत न्हाय, एवढंच."

माझा देव त्या वाटेवर तयार झाला, बाबा. खूप काम असलेली एक बाई, जिला पुन्हा विचारलेलं चालतं आणि जी नाही म्हणाली तरी राग धरत नाही. पुढे वसतिगृहात माझ्या खोलीतली मुलगी रोज रात्री दिवसभराच्या चुका आठवून देवाची माफी मागायची. तिच्या घरचा देव सगळं बघायचा आणि काहीच विसरायचा नाही. तिनं पुढे देव सोडला, पण भांडून सोडला. अजून त्याचं नाव निघालं की तिचा आवाज चढतो. मी सोडला तो लांबच्या आत्याकडचं जाणं-येणं थांबतं तसा. भांडण नाही, भीती नाही. न मानण्यातला हा निवांतपणा मी माझ्या वाचनाचा समजत होते. तो तू दिलेला होता, हे कळायला मला पन्नाशी यावी लागली.

काल आईला रिक्षानं नेलं. मी घरूनच ठरवून निघाले होते, डावी पडली तरी उजवीच पडली म्हणून सांगायचं. पण आई बरोब्बर पाषाणासमोर बसली, चष्मा पुसून. गुरव आता त्या गुरवाचा मुलगा आहे. त्यानं पंखा बंद केला, पाकळ्या लावल्या आणि म्हणाला, "मनात नका विचारू ताई, बोला." मी बोलले. आवाज इतका बारीक निघाला की आई म्हणाली, "पेपरात बातम्या लिवतेस ना गं? मोठ्यानं बोल."

पाकळ्या पडेनात. घाम गळत होता. गुरव दोनदा बाहेर जाऊन आला. शेवटी आईनंच गुडघ्यावर हात टेकले.

"चल."

"थांबू की जरा, आये."

"कशाला? ती बोलत न्हाय म्हंजे माझ्या जिवाचं मलाच इचार म्हणतेय. डाक्टरला सांग, येतो म्हणून."

तुझ्या बायकोनं कौल असा लावून घेतला, बाबा. मी तिला धरून देवळाच्या पायऱ्या उतरवल्या, रिक्षात बसवलं आणि पाण्याची बाटली वर राहिली असं सांगून परत गेले. बाटली माझ्या पिशवीतच होती. देवळाच्या दारात गुरव भेटला. "पडली बघा ताई, आत्ताच," तो म्हणाला. पुढे तो कुठली ते सांगणार, तेवढ्यात मी हात वर केला. "नको. सांगू नका."

परवा ऑपरेशन आहे. तिची पिशवी भरून ठेवलीय. भीती नाही असं मी वर लिहिलंय, आणि ते इतकी वर्षं खरं होतं. हे तुला पोचणार नाही, म्हणून एवढं सांगून टाकते, काल त्या पायऱ्या मी पळत उतरले.