किल्ल्यावरचा विसराळू राउटर

३ नोव्हेंबर, सोमवार

किल्ला माझ्या गळ्यात! ऑफिसातला जुना मुलगा नोकरी सोडून गेला आणि फ्लॉईड सरांनी आज तोंडावरच सांगितलं — "हेमाली, अर्नाळ्याच्या किल्ल्यावरची नेटची लाइन आजपासून तुझी. महिनाभर नीट चालली तर तू पर्मनंट. सारखी पडली तर मी किल्लाच बंद करणार. मग जास्तीचा माणूस मला परवडत नाही." जास्तीचा माणूस म्हणजे मी!

वर हेही — "आणि रविवारी मला फोन नको. सकाळी चर्चमध्ये मिस्सा, दुपारी झोप."

किल्ला म्हणजे समोरचं अख्खं बेट. किनाऱ्यावरच्या आमच्या डिशमधून नेट पाण्यावरून जातं ते थेट हिरामणकाकांच्या गच्चीवर. तिथल्या राउटरमधून बाकीच्या घरांना. म्हणजे ऑफिसातून राउटरने ऐकलं तर ठीक, नाहीतर धरा होडी!

आईला सांगितलं. तर म्हणे, "वाडीतली केळसुद्धा वर्षात घड देते. तुझं पर्मनंट कधी?" घरचेच असे, तर शत्रू हवेत कशाला.

५ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिसात बसल्या बसल्या किल्ल्याचा राउटर सरळ केला. जुन्या मुलाने काय करून ठेवलं होतं, देवा! किनाऱ्यावर सगळ्यांचा जो चॅनल, तोच ह्याचाही. नेट रखडणार नाही तर काय होणार? चॅनल बदलला, इकडची डिश जुळवून घेतली, घराघराचे नेटचे पत्ते नीट लावले. सुसाट!

सरांना दाखवलं. ते "हं" म्हणाले. फ्लॉईड सरांचं "हं" म्हणजे दुसऱ्या कुणाच्या टाळ्या.

९ नोव्हेंबर, रविवार

दुपारी चारला किल्ला पडला. चारला! ऐन सरांच्या झोपेत!!

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळीच होडी. हिरामणकाका उतरवून घ्यायला काठावर उभे. "लवकर आटप पोरी, पानी उतरलं का होडी रुतल."

गच्चीवर जाऊन बघते तर राउटर ठणठणीत चालू. फक्त जुन्या मुलाची सगळी सेटिंग परत आलेली! माझं काहीच नाही. पाच मिनिटं जुन्या मुलाला शिव्या घातल्या. मग डोक्यात उजेड पडला — चूक माझी. राउटरच्या दोन आठवणी असतात. एक चालू — आत्ता सांगितलेलं ऐकायचं. दुसरी जपलेली — बंद होऊन उठला की फक्त तीच. मी सगळं बदललं, चालवलं, "हं" मिळवलं आणि सेव्ह करायलाच विसरले! मधे लाइट गेली असणार. उठला तो जुन्या मुलाचं नाव घेतच उठला.

कॉलेजात हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. कोणाला सांगायची सोय नाही.

सेव्ह केलं. बंद-चालू करून बघितलं. आठवतंय! काकांची मुलगी चंद्रकांता चहा घेऊन आली होती. बारावी झालीय, नर्सिंगचा फॉर्म भरलाय. बारीक लक्ष देऊन बघत होती. "ताई, बंद केला की विसरतो का हा?"

"आता नाही विसरणार," मी म्हटलं. काय ताठ्यात म्हटलं मी!

१६ नोव्हेंबर, रविवार

परत चार वाजता! सहाला आपला आपण उठला, सेटिंगसकट. सेव्हचा महिमा. पण दोन तास मेला होता तो मेलाच होता ना?

सरांचा फोन — "हेमाली, आपल्या दोघांपैकी एकाने तरी रविवारी झोपावं."

१७ नोव्हेंबर, सोमवार

परत होडी. राउटर म्हणतो वीज गेली होती. हिरामणकाका म्हणतात, "लाइट गेलीच नाय. पंख्याखालीच बसलो व्हतो आमी." आता खोटं कोण बोलतं? राउटरला खोटं बोलायची अक्कल नाही आणि काकांना गरज नाही.

काका माझ्यापेक्षा वैतागलेले. चंद्रकांताला बघायचं ठरलंय म्हणे. मुलगा जहाजावर नोकरीला. जहाज दुरुस्तीसाठी परदेशी बंदरात उभं, आणि त्याला सुट्टी फक्त रविवारी दुपारी. मोबाइलला किल्ल्यावर व्हिडिओपुरती रेंज नाही, म्हणून गच्चीवरच्या नेटवर सगळी भिस्त. दोन रविवार फुकट गेले. "आता येकच ऱ्हायला. मंग जहाज निघालं का चार म्हयने पत्ता नाय."

मी म्हटलं, काका, येत्या रविवारी नेट जाणार नाही. माझा शब्द!

चहाला आज साखर नव्हती. चंद्रकांता विसरली असेल.

१९ नोव्हेंबर, बुधवार

फत्ते! राउटरला बॅटरी लावली. राउटर, बॅटरी, वायरी — सगळं पत्र्याच्या पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. घरातला मेन स्वीच पाडा, वादळ येऊ दे, हा आपला चालूच!

चंद्रकांता जिन्यात उभी. "म्हणजे आता बंदच नाही होणार?"

"नाही!"

"कधीच?"

"अगं, कधीच!" मी टाळीसाठी हात पुढे केला. तिने हातात रिकामा कप ठेवला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

किल्ला टकाटक. बॅटरीचं ऐकून सरांनी महिना भरायच्या आधीच माझं पर्मनंटचं पत्र टाइप करायला दिलं! सोमवारी सही. आईने ऐकून नुसतं "बरं" म्हटलं आणि शिरा केला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

डोकं फिरलंय.

किनाऱ्यावरची डिश तपासत होते. चंद्रकांता आईबरोबर बाजारला आली होती, आईला चुकवून माझ्याकडे आली. आल्या आल्या म्हणाली, "ताई, रविवारी राउटरचा स्वीच मीच बंद करत होते."

माझा असा भडका उडाला! म्हटलं, माझी नोकरी जायची वेळ आली, तुला गंमत वाटते? इकडे मी समुद्र, मीठ, वायरी सगळ्यांना दोष देत बसले, आणि तू मला चहा पाजत होतीस!

ती रडली नाही. हातही जोडले नाहीत. नर्सिंगची यादी मंगळवारी लागणार आहे, म्हणाली. "नंबर लागला तर शिकवीन असं बाबांनी कबूल केलंय. पण उद्या तिकडच्यांनी पसंत म्हटलं की बाबा शब्द देऊन टाकतील. आणि एकदा दिला की संपलं, ताई. मग यादीत पहिली आले तरी बाबा मोडणार नाहीत."

"मग त्यांना तसं सांग ना!"

"सांगितलं. म्हणाले, नुसतं बघून घ्यायला काय जातं."

मग हळूच — "कुलूप उद्यापुरतं काढून द्या ना."

मी नाही म्हटलं. सरळ नाही म्हटलं. सहा महिने ट्रेनी म्हणून राबले, खांबांवर चढले, लोकांची बोलणी खाल्ली, आणि सही परवावर आलीय. शिवाय काकांना शब्द मीही दिलाय. तिच्या घरचं तिने बघावं, मी काय मक्ता घेतलाय का?

ती "बरं" म्हणाली आणि गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

आईने विचारलं जेवत का नाहीस. पोट बिघडलंय सांगितलं. तर तिने लगेच ओवा आणून दिला. खाल्ला. ओव्याने जाणारं नाही हे. मलाच राग येतोय माझा. मला कुणी असं कुलूप लावून बसवलं असतं तर मी पेटी फोडली असती.

२३ नोव्हेंबर, रविवार

पावणेचारला ऑफिसातून राउटरची जपलेली सगळी सेटिंग पुसली. मग रिस्टार्ट दिला. बॅटरी चालू, दिवा चालू, आणि आत काही म्हणजे काही नाही. आता तो माझंही ऐकत नाही. होडी उद्या सकाळी.

चार वाजून गेले. फोन वाजला. सर.

म्हटलं, "सर, आज किल्ला मी पाडला."