साठ माणसांचा भात

मुरबाड,
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

चि. कमळाकर यास अंबूताईचा आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे ते कळव, आणि खरं कळव. मागल्या खेपेला बरा म्हणालास आणि तुला माझ्या ओट्यावर चढवायला दोन माणसं लागली. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरने महिनाभर लिहू नको सांगितलंय (डॉक्टरांनी फक्त वाकू नका असं सांगितलं आहे. — कुणाली), म्हणून मी सांगतेय आणि माझी भाडेकरीण कुणाली लिहितेय. कंसात असेल ते तिचं, माझं नाय. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नायस. तुझा रितेश इथल्या कंपनीत लागला, त्याला माझी मागली खोली पाहिजे, पोरीची मुदत पुढल्या महिन्यात संपतेच आहे, असं तू म्हणालास. (हे मला माहीत नव्हतं. लिहिते आहे.) उत्तर देते, पण आधी हकीकत ऐक.

ही पोर बालगृहात वाढली. अठरा वर्षं झाली की तिथून बाहेर काढतात, मग एक संस्था तीन वर्षं खोलीचं भाडं भरते. आली त्या दिवशी मी म्हटलं, भात टाक गो. संध्याकाळी बघते तर माझ्या लग्नातलं मोठं पातेलं शिगोशीग भरलेलं. तिथल्या स्वयंपाकघरात हिची पाळी असायची. साठ माणसांचा भात डोळे मिटून येतो, दोघींचा येत नाय. आख्ख्या आळीला वाटला, उरला तो म्हशीला. चौथ्या दिवशी म्हशीने तोंड फिरवलं. (आता दहा माणसांवर आले आहे.) वर प्रत्येक गोष्टीला परवानगी. काकू, अंघोळीला जाऊ? काकू, केळं खाऊ? मी तर हात टेकले. एकदा चिडून म्हटलं, नको खाऊ, तर खरंच ठेवून दिलं. मग मलाच ते केळं सोलून तिच्या हातात द्यावं लागलं.

तर गेल्या सोमवारी संस्थेची भावना मॅडम आली, योजनेचा पोरांना उपयोग झाला का ते तपासायला. तपासणी हा शब्द कानावर पडला आणि पोरीच्या अंगात बालगृह शिरलं. नवी चादर काढली, चपला एका रेषेत लावल्या, आपली नखं कापली आणि मग माझी कापली. (तिथे नखं आधी बघायचे.) मॅडम आत आली तेव्हा मी, अडुसष्ट वर्षांची बाई, दोन्ही हात पुढे करून खाटेवर बसलेली. तिला वाटलं म्हातारीला उठायचंय. तिने मला ओढून उभं केलं. मी परत बसले, तिने परत उठवलं. शेवटी तिघी उभ्यानेच बोललो.

तिच्याकडे दहा पानी फॉर्म. भाडेकरूबद्दल समाधान, एक ते पाच. मी म्हटलं, भाताला शून्य, बाकी तुमी बघा. मॅडम तो भात दोनदा वाढून घेऊन जेवली आणि ‘स्वयंपाक येतो का’ याच्यापुढे ‘होय, फार’ असं लिहिलं. मग विचारलं, मुदत संपल्यावर कुठे राहणार? पोर पोपटासारखी एका दमात म्हणाली, मी स्वावलंबी होणार आहे, मॅडम. मॅडम म्हणाली, हो, पण कुठे? तर ही आपली कापलेली नखं बघत बसली. मला राग आला, कमळाकर. कोणावर ते अजून ठरत नाय. जवळजवळ तीन वर्षं माझ्या घरात राहून तिला ‘इथे’ म्हणता आलं नाय, म्हणजे माझ्यावरच असेल.

त्याखाली एक रकाना होता, अडीअडचणीला कळवायची दोन माणसं, नाव आणि नातं. पोरीने दोन्हीकडे रेघ मारली. मी ती रेघ खोडायला लावून माझं नाव घालायला सांगितलं. नातं घरमालकीण सांगितलं, तर मॅडम म्हणाली हे नातं होत नाय. मग म्हटलं, मावशी लिहा.

घरच्या सगळ्यांना आशीर्वाद, तुला थोडा जास्त, गुडघ्यापुरता.

तुझी अंबूताई

ता.क. खोली रिकामी होत नाय. मॅडमचं भाडं बंद होईल, पोर नाय बंद होणार. तीही कंपनीत कामाला जाते, त्या पगारातून जमेल तेवढं देईल. रितेशला झोपायला माझी पुढली ओटी आहे, भातही आहे. (इथे मी पेन खाली ठेवलं होतं. काकूंनी विचारलं, शाई संपली का? मी हो म्हटलं. संपली नव्हती.)

ता.क. २. रकान्यात दुसरं नाव तुझं दिलंय. मी मावशी, तर माझा भाऊ मामा, यात खोटं काय? मॅडमचा फोन आला तर कोण कुणाली, असं विचारू नकोस. आणि पौषात म्हसा गावच्या जत्रेला येशील तेव्हा भाचीला बांगड्या आण, रिकाम्या हाताने येऊ नको.

ता.क. ३. (हे काकूंनी सांगितलेलं नाही. त्यांना न विचारता लिहिते आहे. मामा, बांगड्या नसल्या तरी चालतील. फक्त जत्रेला येताना एकटे येऊ नका, जेवढी माणसं आणता येतील तेवढी आणा. भात मी टाकणार आहे. — कुणाली)