नुसतं तोंडात टाकलं

३ जून, मंगळवार
आजपासून नवं आयुष्य. आधीची तीन धरलेली नाहीत.
काल डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट समोर ठेवला. डायबेटिस अजून नाही, पण शरीर इन्सुलिनला दाद देत नाही म्हणाल्या. सोपं करून सांगितलं. आपण खाल्लं की इन्सुलिन पेशींचं दार ठोठावतं, साखर आत घ्या म्हणून. दिवसभर खात राहिलं की दिवसभर ठोठावणं. मग आतल्यांना ऐकू येईनासं होतं. किती वेळा खाता, असं विचारलं. तीन वेळा, मी सांगितलं. त्यांनी एक वही दिली, खाल्लेलं सगळं लिहायला. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.
बाबांच्या डाव्या पायाची दोन बोटं साखरेने नेली तेव्हा ते एकोणपन्नास वर्षांचे होते. मी सत्तेचाळीसचा. शिवणाचं दुकान तेच, खुर्ची तीच. मला भीती वाटते. एवढं लिहून विषय संपवतो.
निर्धार: तीन जेवणं, मध्ये काही नाही. रोज अर्धा तास चालणे.

५ जून, गुरुवार
चालणे उद्यापासून. नवे बूट चावतात.
बाईंच्या वहीत तीन नोंदी केल्या, अगदी प्रामाणिकपणे. अकराला एका गिऱ्हाइकाने केकचा तुकडा पुढे केला, तो खाल्ला नाही, नुसता तोंडात टाकला. चारला चहाबरोबर दोन बिस्किटं तोंडात टाकली. खाणं म्हणजे बसून, ताट घेऊन. उभ्याने होतं ते खाणं नव्हे. भाषेत दोन वेगळे शब्द उगाच नाहीत. बाईंनी 'खाल्लेलं' लिहायला सांगितलंय, मी शब्दाला पक्का आहे.

९ जून, सोमवार, दुपारी ३
दुकानात ठक ठक ऐकू आली. मशीन बंद होतं. तोंडात बिस्किट होतं. शेजारचा सुतार असणार.

१४ जून, शनिवार
सुताराचं दुकान आठवडाभर बंद आहे. तो बहिणीकडे गेलाय, असं काजकाका म्हणाले. काजकाका बाबांच्या वेळेपासून आमच्याकडे काजं करतात. वय सत्तर, वजन जेमतेम पन्नास. ठक ठक तुम्हाला येते का ऐकू, असं विचारलं. म्हणाले, मला मशीनही धड ऐकू येत नाही.
आवाज ओळखीचा आहे. बाबांच्या काठीचं रबर झिजलं होतं, फरशीवर अशीच वाजायची. हे लिहायला नको होतं.

२ जुलै, बुधवार
घाबरण्यापेक्षा शास्त्रीय प्रयोग केलेला बरा. एक शेंगदाणा तोंडात टाकला: ठक. थांबलो: शांतता. दुसरा टाकला: ठक. दहा शेंगदाणे, दहा ठक. मागे वळून बघितलं नाही, प्रयोगात ते बसत नव्हतं.
निष्कर्ष: शेंगदाणे बंद. आता टोस्ट. चावताना त्याचाच इतका आवाज होतो की दुसरं काही ऐकू येत नाही.

१९ जुलै, शनिवार
ही दुकानात आली. टेबलाखालच्या डब्यात काय आहे विचारलं. बटणं, मी म्हणालो. बटणांना मुंग्या कधीपासून लागायला लागल्या, असं हिचं म्हणणं. वाद नको म्हणून सांगितलं, अगं मी खातो कुठे, नुसतं तोंडात टाकतो.
काजकाकांची सुई थांबली. ही गेल्यावर म्हणाले, हे वाक्य या खुर्चीतून मी वीस वर्षं ऐकलंय, आवाजसुद्धा तोच. बाबा असं म्हणत, हे मला आठवलं नाही. मग आठवलं. दुपारभर एकही पॅन्ट शिवून झाली नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार
माझ्या पॅन्टची कंबर दीड इंच सोडली. कपड्यात जादा कापडाचा दाब ठेवणं हे चांगल्या शिंप्याचं लक्षण, म्हणून सोडता आली.
घालून ट्रायल रूमच्या आरशात बघितलं. गळ्यात टेप, पुढे आलेलं पोट, चष्मा नाकावर घसरलेला. मी टेप काढली. आरशातल्या बाबांनीही काढली.
आरशावर कापड टाकलंय. गिऱ्हाइकांना सांगतो, काच बदलायची आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार
सगळीकडून चांगली बातमी. बूट चावेनासे झाले, पाय सरावले. रोज चालतो, बेकरीपर्यंत. ठक ठकही पूर्ण थांबली. शरीर सुधारल्याशिवाय का थांबेल? वहीत चौऱ्याऐंशी दिवस, दोनशे बावन्न जेवणं, मधलं शून्य. बाई ही वही इतर पेशंटना दाखवतील असं वाटतं.

२ सप्टेंबर, मंगळवार, संध्याकाळी
बाईंनी वही शेवटपर्यंत वाचली, मग रिपोर्ट वाचला, मग पुन्हा वही. आता डायबेटिसच आहे म्हणाल्या. वहीत एवढं कमी आणि रक्तात एवढं जास्त, हे त्यांना जुळत नव्हतं. मी म्हणालो, लॅबची चूक असेल. त्यांनी बूट-मोजे काढायला सांगितले.
डाव्या टाचेत टाचणी होती. डोक्यापर्यंत आत गेलेली, भोवती काळं पडलेलं. निळ्या डोक्याची, माझीच. ज्या कोटाला तसल्या टाचण्या लावल्या होत्या तो मी शनिवारी पोचवला. म्हणजे निदान तीन दिवस मी तिच्यावर चालत होतो.
दुखलं नाही का, बाईंनी विचारलं. जरासुद्धा नाही, मी सांगितलं, आणि खरं लिहायचं तर थोडं अभिमानाने सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि बाहेर बसलेल्या हिला आत बोलावलं.
बाबांच्या पायाची पट्टी शेवटची दोन वर्षं हीच बदलायची. हिने वाकून टाच बघितली, हात लावला. मला तो हात कळला नाही. ही म्हणाली, बाबांनाही दुखलं नव्हतं.
मग बाईंनी विचारलं, दिवसातून तोंडात किती वेळा काही जातं. मी बोटांवर मोजायला लागलो. हाताची बोटं संपली तेव्हा मी दुपारच्या जेवणापर्यंतही आलो नव्हतो.