कावळा नसलेला देश

बाहिया, ब्राझील
९ मार्च २०२५

ती. सौ. ताईस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

पोचलो. तीन विमानं, एक बस आणि शेवटी एक होडी करून तुझा भाऊ, कडेगावच्या साखर कारखान्यातला हेडक्लार्क, ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला. आमचे संचालक दर दोन वर्षांनी ऊस अभ्यासदौऱ्यावर या देशात येतात आणि समुद्राचे फोटो घेऊन परततात. मला वाटेत ऊस दिसला तो फक्त रसाच्या गाड्यावर. म्हणजे ते खोटं बोलत नव्हते, इथं बघायला समुद्रच आहे. अव्वेला आपण जी थाप मारली की मला कारखान्यानं ऊस बघायला धाडलंय, ती त्यांच्या थापेइतकी तरी खरी समजायला हरकत नाही.

फोन मात्र करू नकोस. आपल्या आईला दात एकही उरला नाही, पण कान अजून मेंढरं राखणारीचे आहेत. तुझ्या दोन खोल्यांच्या घरात मी इथून धनाचं नाव घेतलं तर तिला सैपाकघरात ऐकू जाईल. त्यापेक्षा कागद बरा, तो तिला वाचता येत नाही. मी लिहून फोटो तुझ्या मोबाइलवर टाकतो. तूही तसंच कर.

आता मुद्द्याचं. पत्ता खरा निघाला. फेब्रुवारीत गावी आलेलं पत्र कुणाची चेष्टा नव्हती. आपला धनाजी इथंच होता, वीस वर्षं. आणि एकोणीस जानेवारीला, सकाळी पीठ मळताना छातीत कळ येऊन गेला. इथं जाळत नाहीत, दुसऱ्या दिवशी पुरलाही. मी काल त्याच्या मातीवर हात ठेवून आलो. रडू आलं नाही. उन्हानं माती एवढी तापली होती की आधी हात मागं घेतला, मग त्याची लाज वाटली.

तो ज्या जागी राहिला नि राबला तिथंच उतरलोय. इथं याला पोउझादा म्हणतात. आपण लॉज म्हणू, पण लॉजला निदान पंखा असतो. सात खोल्या, पिवळ्या भिंती, ओसरीत टांगलेल्या झोळ्या आणि त्यांत दिवसभर लोंबकळणारे गोरे गरीब पाहुणे. मालकीण दोना लुर्देस, गावी पत्र धाडणारी तीच. दोना म्हणजे बाई. सत्तरीची आहे. ती मोबाइलमध्ये तिच्या भाषेत बोलते आणि मोबाइल बातम्या दिल्यासारखं मराठी बोलतो. माझे बंधू अत्यंत सज्जन गृहस्थ होते, असं त्यानं मला ऐकवलं, तेव्हा ती बाई ॲप्रनमध्ये तोंड खुपसून रडत होती. एवढ्या शुद्ध मराठीत आपल्या घराण्याबद्दल आजवर कुणी बोललेलं नाही.

मला धनाचीच खोली दिलीय. ताई, इथल्या प्रत्येक न्हाणीत वर फवारा आहे आणि खाली बादली नि तांब्या. भिंतीवर इथल्या भाषेत सूचना, आणि तिच्याखाली धनाच्या अक्षरात, देवनागरीत : 'पाणी जपून'. पुढं समुद्र, मागं नदी, आणि हा जत तालुक्यातला टँकरमागं घागर घेऊन पळालेला माणूस अख्ख्या जगाला मापून आंघोळ घालत होता. आज सकाळी एक जर्मन बुवा टॉवेल गुंडाळून मला तांब्या कसा धरायचा ते विचारायला आला. माझ्या चेहऱ्यावरून त्याला मी जाणकार वाटलो असेन.

न्याहारीला भाकरी असते. मक्याच्या पिठाची, धनानं सुरू केलेली. पाहुणे तिच्यावर चीज आणि केळं ठेवून खातात. परमेश्वर त्यांना क्षमा करो. पहिल्या भाकरीचा तुकडा तो रोज कुंपणाच्या भिंतीवर ठेवायचा. कोणत्या पक्ष्यासाठी, हे लुर्देसबाईला कधी कळलं नाही. मी मोबाइलवर कावळ्याचं चित्र दाखवलं. तिनं मान हलवली. कावळा या देशातच नाही म्हणाली.

आणि आपण काय केलं? तो बोटीवर कामाला गेला, दोन हजार चारला पत्र यायचं थांबलं, आणि बारा वर्षं अव्वा रोज दोन्ही वेळा त्याचं ताट वाढत राहिली. ते बघवेना म्हणून मीच टुमणं लावलं की शास्त्राप्रमाणं विधी करून टाकू. दोन हजार सोळाच्या जानेवारीत सांगलीला कृष्णेच्या घाटावर दर्भाचा पुतळा जाळला. दहाव्याला पिंड ठेवला, तर भटजीचा हात मागं यायच्या आत कावळा शिवला. सगळे म्हणाले, काही इच्छा उरली नव्हती बिचाऱ्याची. अव्वेनं त्या दिवशी ताट पालथं घातलं ते घातलंच. आणि त्या क्षणी तो बिचारा इथं भाकरी थापत होता!

तिला यातलं काही सांगायचं नाही. तिच्या लेखी धना नऊ वर्षांपूर्वी गेला. एका आईचं पोर दोनदा कशाला मारायचं? आणि तुझ्यापाशी कबूल करतो : पुतळा जाळा म्हणणारा मी होतो, तेव्हा तिच्यापुढं उभं राहायची माझ्यात ताकद नाही.

लोभ असू दे. नसला तर रागही चालेल, पण काहीतरी असू दे.

तुझा, आता एकुलता,
इंद्रजित


कोरेगाव
१२ मार्च २०२५

चि. इंद्रजितास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचलं. चार वेळा वाचलं. पाचव्यांदा धनाला शिव्या घालण्यासाठी वाचलं. वीस वर्षं या माणसाला एक कार्ड टाकता आलं नाही? जर्मन लोकांना तांब्या धरायला शिकवायला वेळ होता आणि आईला चार ओळी लिहायला नव्हता? तो का आला नाही, हे त्या बाईला विचार. मोबाइल शुद्ध बोलो की अशुद्ध, मला उत्तर पाहिजे. त्याशिवाय मला त्याच्यासाठी नीट रडताही येईना.

इथल्या भटजींकडं जाऊन आले. शेजारच्या एका बाईच्या दिराचं प्रकरण आहे, असं सांगितलं. ज्याचे विधी एकदा झाले त्याचे पुन्हा होत नाहीत, म्हणाले, शास्त्राच्या लेखी तो मेलेलाच. मी विचारलं, मग तो मधेच जिवंत घरी परतला असता तर? तर म्हणे त्याला नव्यानं जन्माला घालावं लागतं. जातकर्म, बारसं, सगळं पहिल्यापासून. इंद्रा, चौतिसाव्या वर्षी आपल्या धनाचं बारसं! मी हसले, भटजीही हसले. घरी येताना रिक्षात मला वाटलं, मी पाळणा काढला असता रे. त्याचे पाय बाहेर लोंबकळले असते, पण काढला असता.

अव्वा ठीक आहे. उसाचा दौरा किती दिवस चालतो, असं रोज विचारते. काल म्हणाली, ऊस एकदा बघितला की बघितला, त्यात रोज नवीन काय उगवतं? तुझे दाजी पेपरात तोंड घालून बसले. सांगायचं नाही हे मला पटलंय असं नाही, पण तू थोरल्या मुलाच्या अधिकारानं लिहिलंस, म्हणून गप्प आहे. किती दिवस, ते सांगता येत नाही. मी बत्तीस वर्षं शाळेत पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्यात. आता माझेच हात झोंबतात.

वेळेवर जेव. भाकरीवर केळं ठेवून खाल्लंस असं कळलं तर परत येऊ नकोस.

माया आहेच, ती काही लिहून वाढत नाही.

तुझी ताई
दीपमाला


बाहिया
१५ मार्च २०२५

ती. सौ. ताईस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

उत्तर मिळालं. विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

धना इथल्या बंदरात बोटीवरून उतरला तो परत चढलाच नाही. बोटीवर मारत होते म्हणे. पासपोर्ट बोटीवर राहिला, त्यामुळं हा कागदांशिवायचा माणूस. लुर्देसबाईनं भांडी घासायला ठेवून घेतला. कागद झाले की घरी कळवीन, तोवर कोणत्या तोंडानं, असं करत बारा वर्षं गेली. तू कार्डाचं म्हणतेस. त्याच्या ट्रंकेत दहा-बारा कागद आहेत. प्रत्येकावर 'ती. अव्वेस, साष्टांग नमस्कार वि. वि.' आणि पुढं कोरं.

दोन हजार सोळाच्या मार्चमध्ये त्याला कागद मिळाले. त्यानं मुंबईचं तिकीट काढलं. ते मी हातात घेऊन बघितलं, बारा एप्रिलचं आहे. बाईनं लॉजमध्ये त्याला निरोपाचं जेवण दिलं. जायच्या आधी गाव कसं दिसतं ते बघावं म्हणून तो नेटकॅफेत गेला. आपल्या गावच्या पोरांनी फेसबुकावर गावाचं पान काढलेलं आहे. त्यावर पहिलाच फोटो त्याच्या फ्लेक्सचा.

तुला आठवतो तो फ्लेक्स? स्टँडवर लावलेला, दहा बाय आठ. 'कै. धनाजी यांस भावपूर्ण श्रद्धांजली.' फ्लेक्सवाल्यानं त्याला कोट नि टाय चढवला होता, जो त्यानं जन्मात घातला नाही. खाली शोकाकुल म्हणून आमचे चौदा चेहरे, आणि त्यात माझा चेहरा मेलेल्यापेक्षा मोठा. आपल्याकडं माणूस मेला की पहिली शोकसभा जिवंत लोकांच्या फोटोची होते. मी तो फ्लेक्स स्वतः तपासून छापायला दिला होता, ताई. शुद्धलेखन एकदम बरोबर.

त्याच पानावर तेराव्याचा फोटो होता. बनुबाई मावशी अव्वेला गोडाचा घास भरवतेय तो. धनानं तो कागदावर काढून घेतला आणि ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवला. अजून आहे. लुर्देसबाईला त्यानं सांगितलं की त्याची आई इतकी निवांत बसलेली त्यानं कधी बघितली नव्हती. इतकी वर्षं ती आपलं ताट वाढत असणार, ते तिनं आता उचललंय, आपण गेलो तर तिला ते पुन्हा मांडावं लागेल. आणि पुढं म्हणाला की आपला पुतळा ज्या थोरल्या भावानं जाळला, तो गावात तोंड कसं दाखवील.

मला वाचवायला तो मेलेला राहिला, ताई. पुढच्या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ, असं नऊ वर्षं म्हणत राहिला.

आता तरी पटलं का, सांगायचं का नाही ते? मी पुढच्या रविवारी, तेवीसला निघतोय. ट्रंक इथंच ठेवून येतो. काय आणू, ते कळत नाही. रक्षा नाही, अस्थी नाहीत. एक तांब्या आणावा म्हणतो. पण तो ऊसदौऱ्यात कुठं मिळाला, हे काय सांगू?

ओरडायचं असेल तर ओरड. कागदावर आवाज येत नाही.

इंद्रजित


कोरेगाव
१८ मार्च २०२५

चि. इंद्रजितास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

अव्वेला सांगितलं.

मी ठरवून नाही सांगितलं. तुझं पत्र घेऊन न्हाणीत गेले आणि रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडून बसले. इथंच चुकलं. कोरेगावची कुठली बाई असती तर तिला वाटलं असतं, मुलगी धुणं धुतेय. ही जतची. पाणी वाया जाताना ऐकून ती काठी टेकत आली आणि दार वाजवत राहिली. बाहेर आले तर म्हणाली की उसाच्या बातमीला एवढं पाणी कुणी सोडत नाही, बस आणि वाच. पहिल्या पत्रापासून वाचलं. फ्लेक्सचं आलं तेव्हा फक्त तो भाग पुन्हा वाचायला लावला.

ही परवाची गोष्ट. आज सकाळी मला कागद घ्यायला सांगितला. ती म्हणाली तसंच्या तसं खाली लिहिते. माझ्यातली मास्तरीण आज बाजूला ठेवली आहे.

— ताई


इंद्रा,

तुझी अव्वा सांगती आन दीपा लिवती. मधी आपल्या पदरचं घालू नगं म्हणून मी तिच्याकडनं परत वाचून घेणार हाय.

ऊस बघायला गेलो म्हणालास. व्हय रं, कडेगावात ऊस कमी पडला? खोटं सांगायचं तर निदान मेंढरं बघायला गेलो म्हणायचं. तुझ्या बापानं मेंढरासाठनं लय मुलूख पालथा घातला, मी खरं मानलं असतं.

धना गेला ती तारीख दीपानं कॅलेंडरवर दाखवली. आयतवार हुता. त्या दिशी शेजारणीनं हुरडा आणलेला. मी खाल्ला रं. लय गोड लागला म्हणून आनिक मागून घेतला.

तुमी सांगितलं, कावळा शिवला, आता ताट नगं. म्या ऐकलं. नऊ वरीस माझं लेकरू तिकडं जितं, आन हिकडं त्याचं ताट पालथं. ह्ये माझ्या उरात राहणार. ते तू काढू शकत न्हाईस, तवा काढायला जाऊ नगं. तू जाळलंस ते माझ्यासाठनं, त्यो आला न्हाई ते बी माझ्यासाठनं. माझ्यासाठनं तुमी लय केलं, पर मला कवा इचारलं न्हाई.

त्या कावळ्याला बोल लावू नगं. मुकं जनावर, भुकेलं आसंल. त्याला काय ठावं पिंड कुणाचा. घाई त्यानं न्हाई, आपुन केली.

त्याच्या मातीवर पाणी घाल. तांब्यानं नगं, बादली उपडी कर. जल्मभर मापून पाणी घेतलं त्यानं.

ट्रंक घेऊन ये, ती टाकून येऊ नगं. ते कोरं कागद मला पायजेत. मला तसं बी वाचाय येत न्हाई, मला त्ये कोरं न्हाईत.

आन आता नीट आयक. तिथं कावळा न्हाई म्हणतोस. मग त्याला शिवायला कोण? तर मी हाय. त्या बाईला म्हणावं, धनानं शिकवली तशी एक भाकरी थाप. तिच्या हातनं थापू दे, तू हात लावू नगं, तुला भाकरी कवा जमली न्हाई. फडक्यात बांधून घेऊन ये. वाळंल, दगुड हुईल, हुंदे. दात न्हाईत, पर पाण्यात भिजवून खाईन. बारा वरीस म्या त्याला वाढलं, एक डाव त्यो मला वाढू दे.

ये लवकर. राग हाय, पर त्यो समोर बसवून करायचा आसतो. वाटंत उपाशी राहू नगं.

तुझी अव्वा
रंगूबाई

(शाईचा डाग दिसतोय तो तिचा अंगठा. फोटोत पुसट आला तर मूळ कागद मी जपून ठेवला आहे. — ताई)