पेनड्राइव्हमधलं लिनक्स

७ मार्च २००९, शनिवार
निर्णय पक्का. घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकायचं. फुकट असतं, व्हायरस शिवत नाही. आमच्या महाळुंगे पडवळ गावातलं हे पहिलंच असणार. नोकरीवर, विकास सोसायटीत, चहाच्या वेळी जाहीर केलं. सचिव म्हणाले, आधी ऑफिसचा प्रिंटर बघा. मोठं काही दिसतच नाही लोकांना.
बायकोचं, म्हणजे शीलाचं, म्हणणं, तिचा एम.एड.चा प्रबंध एप्रिलमध्ये द्यायचाय, तोवर कॉम्प्युटरला हात लावू नका. पारगावला ऊसतोड कामगारांच्या पाचटाच्या कोप्यांवर दोन हंगाम हिंडून तिनं त्यांच्या मुलांच्या शाळेची माहिती गोळा केलीय. कौतुक आहेच. पण हात न लावता प्रगती कशी होणार?

८ मार्च
नारायणगाव. बुद्धभूषणच्या सायबर कॅफेत लिनक्सची फाइल घ्यायला गेलो. पेनड्राइव्ह घरातलाच, शीलाचा. तो म्हणाला, "भाऊ, ह्यात काय असंल ते आधी काढून ठेवा. समदं पुसलं जाणार."
प्रबंधाची कॉपी होती. मूळ प्रबंध घरी आहेच. म्हटलं, पूस. धंद्यातली माणसं उगाच घाबरवतात.

११ मार्च, धुळवड
शीला माहेरी, वारूळवाडीला. घर शांत.
सकाळी: पेनड्राइव्ह लावला. विंडोजच चालू झालं. परत लावला. परत विंडोज. पेनड्राइव्ह हलका दिसतो.
जेवणाआधी: बुद्धभूषणला फोन. सुरुवातीच्या सेटिंगमध्ये यूएसबी सगळ्यात वर घ्या म्हणाला. मला माहीत होतं, खात्री करून घेतली.
जेवणानंतर: लिनक्स आलं. प्रश्न विचारला: विंडोजच्या शेजारी राहू, की पूर्ण डिस्क घेऊ? अर्धवट काम मला जमत नाही. पूर्ण.
प्रबंध लिनक्सनं कुठंतरी बाजूला ठेवला असेलच.
थोड्या वेळानं: लाइट गेली. लोडशेडिंग.
संध्याकाळी: लाइट आली. काळा पडदा, वर एक रेघ लुकलुकतेय. म्हणजे मशीन जिवंत आहे. आईनं विचारलं, "ह्ये बंद पडलंय का बिघाडलंय?" मधल्या टप्प्यात आहे, असं सांगितलं.

१२ मार्च
रजा टाकून पुन्हा बसलो. लिनक्स बसलं. मागचं काहीही शिल्लक नाही. अगदी स्वच्छ.

१३ मार्च
शीला आली. प्रबंध कुठाय, विचारलं. म्हटलं, तुझी कॉपी आहे की पेनड्राइव्हवर. तिनं पेनड्राइव्ह मागितला. तेव्हा मला आठवलं.
ती रडली नाही. कॉटवर बसून पारगावच्या मुलांची नावं एकेक म्हणत राहिली, किती आठवतात ते बघत. मी एक सुचवलं. ते आमच्या सोसायटीच्या शिपायाचं निघालं.

१६ मार्च
मुलाखतींची चिटोरी माळ्यावर सापडली. त्यांवरून सगळं नव्यानं लिहायचं. एप्रिल हुकणार, पुढच्या खेपेला द्यायचं ठरलं. लिनक्सवर तिचा मराठी फाँट चालेना, म्हणून मेहुणा गोरख येऊन विंडोज टाकून गेला. तुलनेसाठी मी संमती दिली.

२२ मार्च, रविवार
कामाची वाटणी झाली. शीला सांगते, मी टाइप करतो. पहिल्याच पानाला मशीननं काहीतरी विचारलं. मी वाचायला पुढं झालो, तर शीला म्हणाली, "तुम्ही फक्त अक्षरं दाबा. ते काही विचारायला लागलं, की हात मांडीवर."
हात मांडीवर ठेवणं संध्याकाळपर्यंत चांगलं जमायला लागलं.